चाकाखालचा दगड

कचऱ्याच्या डब्याच्या चाकाखालच्या दगडाला शेंदूर मी लावला. स्वतःच्या हाताने, भर सकाळी, पूर्ण शुद्धीत.

हे वाचून कुणी मला भाविक समजेल, म्हणून आधीच सांगतो — देव, भूत, करणी यातलं काहीच मी कधी मानलं नाही. मी फक्त कंटाळलो होतो...

रंगीत टीव्ही नुकते घरोघरी यायला लागले होते तेव्हाची गोष्ट. मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या बाजूला आमची सोसायटी. तळमजल्यावर अण्णांचं इडली-डोशाचं हॉटेल आणि एक सुतार; वर आम्ही बिऱ्हाडं. कचरा सगळ्यांचा एकत्र. त्यासाठी चाकांवरचा लोखंडी डबा बनवून घेतला होता, कपाट आडवं पाडल्याएवढा. तो हॉटेलच्या मागच्या दाराशी उभा असायचा आणि तिथून गेटपर्यंत चांगलाच उतार. मुनिसिपालटीची गाडी आली की सगळ्यांनी धरून डबा खाली न्यायचा, रिकामा करून वर आणायचा. एरवी चाकाखाली दगड हवाच. ही शिस्त सांभाळायची सेक्रेटरीने, आणि सेक्रेटरी मी. ज्या मीटिंगला गेलो नव्हतो, तिच्यात मला निवडून दिलं होतं.

तो दगड रोज गायब व्हायचा. सुतार त्याच्यावर खिळे सरळ करायचा. अण्णा दाराला लावायचे. वरच्या वहिनींनी तर एकदा तो धुऊन लोणच्यावर दडपण म्हणून ठेवला. नोटीस लावून झाली, भांडून झालं. ऑफिसातून दमून आल्यावर घरोघरी दगड शोधत फिरायचं, हेच माझं आयुष्य झालं होतं. शेवटी डोकं चालवलं. जिन्यात कुणी थुंकू नये म्हणून देवांच्या टाइल्स लावतात ना, तेच तत्त्व. फासला शेंदूर. म्हटलं, आता कोण हात लावतो बघू.

काही दिवस झकास गेले. मग एका रविवारी सकाळी गेटच्या खांबाशी लावलेली स्कूटर पुसायला खाली उतरलो. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघितल्यावर मिळालेली स्कूटर. बघतो तर दगड गेटजवळच्या कोनाड्यात. आंघोळ घातलेला, डोक्यावर जास्वंद.

सुतार म्हणाला, "साहेब, देव कचऱ्यात कसा ठेवायचा? पाप लागेल ना." डब्याला त्याने फळीचा तुकडा लावला होता म्हणे. मी त्याला घेऊन उतार चढून डब्यापाशी गेलो आणि तो तुकडा बघतोय, तेवढ्यात अण्णांनी नारळाच्या करवंट्यांचं घमेलं डब्यात ओतलं. डबा हलला, फळी निसटली.

उताराच्या खाली, गेटपाशी, माझी आई उन्हात कुळीथ निवडत बसली होती. डब्याकडे पाठ करून. अगदी कानाशी ओरडल्याशिवाय तिला काही ऐकू येत नाही.

आम्ही ओरडलो; उपयोग शून्य. मी धावलो आणि चौथ्या पावलाला अण्णांच्या सांडपाण्यावरून घसरून तोंडावर पडलो. तिथूनच बघत राहिलो. डबा खडखडत खाली चालला होता, आईच्या पाठीवर... आणि थांबला. हातभर अंतरावर. हळू होत नाही, वळत नाही — नुसता थांबला.

मी लंगडत पोचलो. सुताराने चारही चाकांखाली हात फिरवला. खडा नाही, काही नाही. आम्ही तिघांनी तो मागे ओढायला घेतला, तर भिंत ओढल्यासारखं. तसूभर हलेना. आईला खूण करायचंही कुणाला सुचलं नाही. अखेर वास आला म्हणून तिने वळून बघितलं, आमच्या तोंडांकडे बघितलं, सूप उचललं आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली.

ती बसली मात्र, डबा आमच्या हातांतून सुटला तो थेट माझ्या स्कूटरवर. गेटचा खांब आणि डबा यांच्यामध्ये स्कूटरचा पापड झाला.

गॅरेजवाल्याने डब्याची चाकं उघडून बघितली. बोटाने फिरत होती. मी स्वतः पुढचे कित्येक रविवार डबा वरून सोडून बघितला, भरलेला, रिकामा, खाली गाद्या रचून. एकदाही त्या जागी थांबला नाही. सुतार म्हणतो, दगड पावला. पण दगड तर कोनाड्यात फूल घालून बसला होता, आणि त्याला देवपण कुणी दिलं ते मला माहीत आहे. शिवाय पावायचंच होतं तर स्कूटरने काय वाकडं केलं होतं? मला उत्तर सापडलेलं नाही. शोधायचाही आता कंटाळा येतो.

डबा थांबला त्याच रात्री जेवताना आईच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "आई, तुला काय वाटतं? कोणी थांबवला गं तो डबा?"

तिने कुळथाच्या पिठीचा भुरका मारला आणि म्हणाली, "कोण कित्याक थांबवतलो? त्या डब्याक तुझ्यापेक्षा अक्कल जास्त."