वनाभाऊची तीनशे बारा भावंडं

दिपमाला हसायला लागली की ऑफिसातला जुना कुलरसुद्धा थरथरतो, असं मी म्हणतो आणि ती मला पेन फेकून मारते. जळगावात एका दुकानावरच्या खोलीत आम्ही शेजारच्या टेबलांवर बसून सर्व्हरवर चालणारं जावास्क्रिप्ट लिहितो. मी नईम, तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आणि दहापट शहाणा. दुसरी गोष्ट तिला मान्य नाही.

ती धरणगावची, रुपचंद पाटलांची एकुलती एक. समाजाच्या वधू-वर मेळाव्याचे, घरातल्या मोठ्यांचेही धरून, चार हजार फॉर्म तिने हौसेने ग्राफ डेटाबेसात घातले. त्यात प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका आणि प्रत्येक नातं म्हणजे दोन ठिपक्यांमधली रेघ. दोन नावं द्यायची आणि विचारायचं, यांच्यामधली सगळ्यात जवळची वाट कोणती?

समाजाचे म्होरके सुकदेव आबा एकदा हे बघायला आले. "ड्रायव्हर जोडला की झालं," असं ती म्हणाली, तेव्हा त्यांनी दाराबाहेर डोकावून पाहिलं.

"हाऊ ड्रायव्हर कोन शे?"

"आबा, माझा प्रश्न डेटाबेसापर्यंत नेतो आणि उत्तर घेऊन परत येतो, तो प्रोग्राम."

"मंग येस्टीना ड्रायव्हरच शे," आबा म्हणाले. त्यानंतर मशीनवर त्यांचा भलता विश्वास बसला.

हाच विश्वास तिच्या अंगाशी आला. धरणगावच्या स्टँडजवळ वनाभाऊचं झेरॉक्सचं दुकान आहे. मेळाव्याचा फॉर्म भरायला ती तिथे गेली आणि रांगेत पुढे एरंडोलचा हितेंद्र उभा होता. दोघांचे फॉर्म भरून झाले तरी दोघं तासभर तिथेच उभे. पण हितेंद्रही पाटीलच. दोन्ही घरं एकाच भाऊकीतली निघाली तर संपलंच, कारण भाऊकीत लग्न होत नाही आणि जुनं सांगणारं कुणी उरलेलं नाही. आबा होकार देईनात. मग ही शहाणी म्हणाली, "मशीनला विचारा. ते म्हणेल ते मला मान्य!"

रविवारी रुपचंदनानांच्या ओसरीवर सगळे जमले. हितेंद्रची आई भागाबाईही आली होती. दिपमालाने दोन नावं टाकली आणि फक्त आईवडील, भाऊ, बहीण एवढ्याच रेघांवरून जायला सांगितलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत ड्रायव्हर उत्तर घेऊन आला.

दिपमाला, भाऊ वना. वना, भाऊ हितेंद्र.

दोनच रेघा! भागाबाईने चहाची बशी खाली ठेवली. "म्हणजे दोघं सख्खे?"

"हाऊ वना कोन?" नाना ओरडले. "माले एकच पोर शे!"

दिपमालाने तीनदा पुन्हा विचारलं आणि तीनदा तेच आलं. तिच्या डोळ्यांत पाणी बघून माझा जीव तुटला. एरवी तिच्या चुका काढायला मला फार आवडतं, पण त्या दिवशी मी चूक काढली ती तिला सोडवायला. "अगं, या वनाला एकूण भावंडं किती, ते विचार ना!"

तिने नाक पुसत ओळ लिहिली. उत्तर आलं, तीनशे बारा. यादीत चौथं नाव सुकदेव आबांचं.

"मी बी?" आबा म्हणाले आणि ओसरीवर हसण्याचा जो धुरळा उडाला, तो हा झेरॉक्सवाला वनाभाऊ हे ध्यानात येऊन त्याला बोलावणं गेलं तरी बसला नाही.

वनाभाऊ आला, बोटांना निळी शाई माखलेली. फॉर्मात एक रकाना होता, ओळख देणाऱ्याचं नाव आणि नातं. ज्याला कुणी सुचलं नाही, त्याच्यापुढे त्याने बिनधास्त स्वतःला लिहिलं होतं, "वना भाऊ". अख्खा तालुका त्याला भाऊच म्हणतो. आणि दिपमालाच्या कोडने शेवटचा शब्द नातं समजून उचलला होता. तिने कपाळावर हात मारला.

तो रकाना वगळून तिने पुन्हा विचारलं. फॉर्मांत होत्या तेवढ्या पिढ्यांत वाटच सापडली नाही.

"मंग साखर काढा!" आबा गरजले.

सगळे साखर खात होते आणि वनाभाऊ अजून आकड्याकडेच बघत होता. बिचाऱ्याला ना भाऊ ना बहीण, आईबापही कधीचे गेलेले. "बठ्ठ्या रेघा पुसू नको, पोरी," तो हसत म्हणाला. "एखादी ऱ्हाऊ दे."

सोमवारी तिने तीनशे अकरा रेघा पुसल्या. सगळ्यात आधी हितेंद्रची, नाहीतर पुन्हा पंचाईत. तीनशे बारावी, स्वतःची, तिने ठेवली.

लग्नात कानपिळीसाठी नवरीच्या भावाला बोलावलं, तेव्हा वनाभाऊ माणसं ढकलत पुढे आला आणि त्याने हितेंद्रचा कान असा पिळला की नवरदेव किंचाळला. दिपमाला हसत होती आणि रडत होती. लग्नाच्या सगळ्या फोटोंत हितेंद्रच्या उजव्या कानाला निळी शाई आहे.