पंचाला हात लावायचा न्हाई!

हसणार नसाल तरच सांगते. हसणारच म्हणा तुम्ही! सगळा जालना हसला, तिथे तुम्ही कोण लागून गेलात?

त्या आठवड्यात मला झोप म्हणून नव्हती. काळजी कसली? तर आमच्या छबूच्या हाताची. हात मोडला नव्हता हो, मोडला असता तर बरं, असंही एकदा मनात येऊन गेलं. आठ वर्षांची पोर, मुलींच्या शाळेच्या खो-खोच्या संघात सगळ्यांत चपळ. पण सरावात मास्तरांनी ‘बाद’ म्हटलं, की ही त्यांचा हात धरून गदागदा हलवायची. "न्हाई ना गुर्जी! न्हाई ना लागला!" परवा तर सदऱ्याची बाहीच उसवली. मास्तरांनी ताकीद दिली : पुन्हा पंचाला हात लागला, तर ही मुलगी संघातून बाहेर.

ते कानावर पडताच सासूबाईंनी वर आणखी एक ताकीद चढवली. "पोरीची जात, अन् मास्तरच्या अंगावर हात टाकून राह्यली? पुन्हा तक्रार आली, तर खेळ बंद अन् शाळाबी बंद!"

मी सहावीपर्यंत शिकले ती वडिलांच्या हट्टामुळे. माझ्या पोरीची शाळा एका बाहीपायी सुटणार? मग लागेल का डोळ्याला डोळा?

तेव्हा मी शिकवणी सुरू केली. स्वयंपाकघरात मी पंच. हातात लाटणं. छबू चुलीला वळसा घालून पळाली, की मी मुद्दाम खोटंच ओरडायची, "बाद!"

"आई, मला कुणी शिवलंच न्हाई! इथं हायेच कोण?"

"हात मागं बांध! पंचाला हात लावायचा न्हाई. काही सांगायचं असलं तर हात मागं बांधून, खरं तेवढंच सांगायचं. काय?"

"खरं तेवढंच," छबू म्हणायची आणि हात मागे बांधायची. चार भाकरी करपल्या, पण पोर तयार झाली. मास्तरीणबाई म्हणून मी स्वतःवर खूश!

सामन्याचा दिवस उजाडला. मी आणि सासूबाई बायकांच्या सतरंजीवर बसलो. तेवढ्यात कळलं, पंच हिवतापाने पडलेत आणि त्यांच्या जागी बदनापूरच्या शाळेतले एक मास्तर उभे राहणार आहेत. सकाळच्या गाडीने नेमके आलेले. कोण? आमचे थोरले! माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ, माझे भासरे!

आता भासऱ्यांचं आमच्याकडे कसं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. धाकट्या भावजयीने त्यांच्यासमोर तोंड उघडायचं नाही, तोंड दाखवायचं नाही, आणि शिवायचं तर स्वप्नातसुद्धा नाही. लग्नाला दहा वर्षं झाली, मी त्यांचा चहा उंबऱ्यावर ठेवते आणि बांगड्या वाजवते. बस्स, तेवढंच आमचं बोलणं.

मी झटकन पदर नाकापर्यंत ओढला. झालं, त्यानंतर सामन्यातलं मला दिसलं काय? तर फक्त पाय!

पायांवरून मी छबू ओळखत होते. उजव्या पायात काळा दोरा. तो दोरा खांबाला वळसा घालून सुटला, मागून दोन पाय धावले, आणि एकदम गलका झाला. "शिवली! शिवली!" "न्हाई शिवली!" शिट्टी काही वाजेना. दोऱ्याचा पाय थांबला, वळला, आणि थेट पंचाच्या धोतराकडे निघाला.

गेली, पोरीची शाळा गेली!

"अगं, कुठं चालली?" सासूबाई ओरडल्या. पण मी कुठली थांबते! "छबे, हात लावू नको!" म्हणत मी मैदानात. पदर नाकावर, समोर काही दिसेना, निऱ्यांत पाय अडकला, आणि पडता पडता जे हाताला लागलं ते मी दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

तो पंचाचा हात होता.

छबू शेजारी उभी. हात मागे बांधून. अगदी शिकवल्यासारखी.

थोरल्यांनी, हे मागून बायकांनी सांगितलं, मान वर करून समोरच्या कडुलिंबाच्या झाडाकडे पाहिलं. माझ्याशी बोलायची त्यांनाही सोय नव्हती ना! म्हणाले, "छबे, तुह्या आईला सांग, पंचाला हात लावत न्हाईत. ही पहिली ताकीद."

मी वीतभर अंतरावर. तरी छबू माझ्याकडे वळली. "आई, काका म्हणून राह्यलेत, पहिली ताकीद."

"काकांना सांग," मी पदरातून पुटपुटले, "मी पडून राह्यले होते."

"काका, आई पडून राह्यली होती."

"आईला सांग, मंग आता उभी झाली ना?"

बायकांच्या सतरंजीवर कुणीतरी फिस्सकन हसलं. माझ्या कानांतून वाफा निघत होत्या. एकदा वाटलं, हात सोडावा आणि पळत सुटावं. पण मग वाटलं, अब्रू तर गेलीच, निदान पोरीला तरी वाचवावं. शिकलेली आई ना मी! चांगलं ठासून म्हटलं, "काकांना सांग, माझी लेक बाद न्हाई. तिला बिलकुल हात लागला न्हाई. मी माझ्या डोळ्यांनी पाह्यलं!"

कुठले डोळे? पण म्हटलं खरं.

थोरले लिंबाकडे पाहत वाट पाहत होते. छबूने मागचे हात आणखी घट्ट केले, घसा साफ केला आणि साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं :

"काका, आई म्हणती मला हात लागला न्हाई. पण लागला व्हता, तेच सांगायला आल्ते मी. मी बाद हाय. अन् आईनं अजून तुमचा हात सोडला न्हाई, म्हंजी आईबी बाद!"