डावीकडची गाठ

डिम्फना हेहिर जनावर कागद बघून निवडत नाही, हाताने निवडते. कुरणात शिरते, शेपटीच्या बुडाशी अंगठा दाबते, बरगड्यांवरून तळवा फिरवते आणि म्हणते, "अजून महिनाभर ठेव," नाहीतर, "हा चालेल." बस्स.

क्लेअर परगण्यातल्या चुनखडीच्या डोंगरांखाली तिचं मांसाचं दुकान आहे, बापाकडून आलेलं. मागच्या भिंतीला काळी पाटी. जनावर कोणाचं, कुठल्या कुरणातलं, काय खाऊन वाढलं, हे दर गुरुवारी खडूने तिच्यावर लिहायचं. बाप लिहायचा, गेली एकतीस वर्षं ती लिहिते. गिऱ्हाईक आधी पाटी वाचतं, मग मांस बघतं. पाटीवर एक अक्षर खोटं गेलं तर दुकानात उरलं काय, सुऱ्या?

'सेंद्रिय' हा शब्द पाटीवर अलीकडे आला. लोकांना वाटतं ते काहीतरी सोवळ्यातलं प्रकरण आहे. तसलं काही नाही. कुरणाला रासायनिक खत नको, फवारणी नको, चरायला मोकळं रान हवं, आणि औषध लागलंच तर मोजून, वहीत नोंद करून. मोजाबाहेर गेलं की त्या जनावराचा सेंद्रियपणाचा शिक्का गेला.

मालाकी लिनेन हा शेतकरी शाळेत तिच्याच वर्गातला. दोन वर्षं खपून त्याने जमीन नियमात बसवली आणि शिक्का मिळवला. त्याचा पहिला गोऱ्हा डिम्फनाने ऑगस्टमध्येच हेरून ठेवला, तांबडा, पांढऱ्या तोंडाचा. "छातीच्या दुखण्यापायी वर्षात तीनदा टोचलंय, तिन्ही वेळा मानेला उजवीकडे," मालाकीने तेव्हाच सांगून टाकलं होतं. नियमात वर्षाला तीन चालतात.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी तिने आधी पाटी लिहिली आणि मग मान कापायला घेतली. डाव्या बाजूला सुरी अडली. पांढरट, टणक गाठ. सुईची. तिने सुरी खाली ठेवली आणि मालाकीला फोन केला.

तो चिखलाच्या बुटांनी आला, पाटीवरचं आपलं नाव वाचून खुलला. "झकास लिहिलंयस गं!"

"इकडे ये. हे काय?"

"गाठ."

"गाठ मलाही दिसते. डावीकडे कशी आली?"

मालाकीने टोपी काढली. "सप्टेंबरात पाय सुजला त्याचा. उभं राहवेना. डॉक्टर आला, टोचून गेला. तुझ्या पाटीपायी लंगडत ठेवू काय त्याला?"

"टोचलंस ते चांगलं केलंस. तसाच ठेवला असतास तर तुला दारात उभा केला नसता. वहीत का नाही?"

"दोन वर्षं खपलो, डिम्फना. पहिलाच गोऱ्हा."

तिने गाठ कापून बाजूला काढली.

"औषध उतरायला लागतात त्याच्या दुप्पट दिवस थांबलोय. मांसाला काही झालेलं नाही. तुझ्याशिवाय कळणारंय कोणाला?"

"मला कळलं ना? झालं तर. आजची आज वहीत लिही, तारीख खरी टाक. आणि शिक्कावाल्यांना तू फोन कर. मला करायला लावू नकोस."

"सगळा कळप बाद केला म्हणजे?"

"केला तर केला."

तिने ओलं फडकं घेतलं आणि त्याच्यासमोर पाटी पुसली. नव्याने लिहिलं: मालाकी लिनेनचा गोऱ्हा. गवतावर वाढला. सेंद्रिय नाही. पाय दुखला म्हणून चौथ्यांदा औषध दिलं.

"नाव तरी काढ माझं."

"का? गोऱ्हा तुझा नव्हता?"

तो दार आपटून गेला. नेहमीच्या गिऱ्हाईक कॉन्सिडाइनबाई आत आल्या, चष्मा लावून त्यांनी पाटी दोनदा वाचली. "मग पाय बरा झाला का त्याचा?"

"झाला. चालत गेला गाडीपर्यंत."

"आमची सून सेंद्रियच खाते बाई," म्हणत त्या रिकाम्या हाताने गेल्या. बाकीच्यांनी घेतलं. संध्याकाळपर्यंत मान तेवढी उरली. तिचं डिम्फनाने घरी कालवण केलं.

तपासनीस येऊन गेले. कळप वाचला, मालाकीला लेखी ताकीद मिळाली. तो मात्र पाच गुरुवार फिरकला नाही. सहाव्या गुरुवारी दारातूनच म्हणाला, "हिवाळ्याच्या चराईला जनावरं डोंगरावर चढवलीत. एक तयार वाटतोय. येतेस?"

ती गेली. वर वारा कापत होता. मालाकीने कोटाच्या खिशातून वही काढून पुढे केली. तिने ती उघडली नाही. गोऱ्ह्याजवळ गेली, शेपटीकडे न जाता आधी मानेवर हात ठेवला, उजवीकडे, मग डावीकडे. मालाकी बघत उभा राहिला.

"हा चालेल," ती म्हणाली.