केळीच्या बागेला दिलेल्या घोषणा

आमच्या भागातल्या एका हवालदारांना मी नेहमी बंदोबस्तावरच पाहिलं आहे. त्यांच्या काखेत बाराही महिने काळी छत्री असते. कोणी चिडून बोललं की ते आधी "बरोबर आहे" म्हणतात आणि मग स्वतःला हवं तेच करतात.

त्या रविवारी नंदाखाल गावाच्या बाजूला एका लहान चर्चसमोर निदर्शनं होती. आत धर्मांतरं होतात, असा निदर्शकांचा आरोप होता. आदल्या रविवारी त्यांनी मिसाच्या प्रार्थनेला आलेल्यांना फाटकातच घेरलं होतं, त्यामुळे आज निम्मी माणसं घरी राहिली होती. हवालदारांनी निदर्शकांना रस्त्यापलीकडे नेलं आणि चर्चकडे पाठ करून उभं केलं. समोर केळीची बाग होती.

"साहेब, आमचा हक्क?" त्यांच्या पुढाऱ्याने विचारलं.

"बरोबर आहे. घसा तुमचा, दिशा माझी."

"हाकला ना यांना!" चर्चच्या फाटकातून एक जण ओरडला.

"बरोबर आहे. पण त्यांना दहापर्यंत परवानगी आहे."

केळीच्या बागेला घोषणा सुरू झाल्या. तेवढ्यात एक निदर्शक वळला आणि येणाऱ्यांचे चेहरे मोबाइलवर टिपू लागला. कोपऱ्यावरून आलेली एक म्हातारी ते बघून परत फिरली. हवालदारांनी छत्री उघडली, मोबाइलच्या बाजूला धरली आणि तिला घेऊन फाटकाकडे निघाले.

"अरे बाबा, ऊन तर या बाजूला हाय," ती म्हणाली.

"बरोबर आहे, आजी. चला."

तिला आत सोडून ते कोपऱ्यावर परतले, तेव्हा तिथे आणखी चौघं छत्रीची वाट बघत उभी होती.