निम्म्या बैठकीचा मामा

साकोलीच्या बाजारात मला भावात गुंडाळणारा माणूस अजून पैदा व्हायचा आहे. साड्यांचं दुकान चालवतो मी. गिऱ्हाईक पायरी चढताना त्याच्या चपला पाहून सांगतो, हे घेणार की चहा पिऊन जाणार. त्यामुळे वरठीची माझी भाची प्राची दिवाळीला आली आणि माझ्या मोबाईलमध्ये व्यायामाचं अ‍ॅप टाकून म्हणाली, "मामाजी, एकदम फुकट हाये!", तेव्हाच मला काहीतरी शिजत असल्याचा वास आला.

"फुकट कायले? त्याच्या घरी चूल पेटत नाई का?"

"तुम्ही बैठका मारा जी! उन्हाळ्यात लग्नात मले उचलाचं हाये तुमाले."

हे मात्र खरं होतं. आमच्याकडे गौरीहर पुजून बसलेल्या नवरीला मामाने उचलून मांडवात न्यायचं असतं. आणि मामा मी एकटाच! प्राची लहानपणी माझ्या खांद्यावर बसून जत्रा पाहायची. आता ती कबड्डी खेळते आणि चांगल्या दणकट पोरींना खाली पाडते. मी साड्यांचा गठ्ठा फळीवर ठेवला तरी पंख्याखाली जाऊन बसतो. तिला उचलता आलं नाही तर ताई जन्मभर ऐकवणार, आणि पोरीची हौस राहणार ती वेगळीच.

अ‍ॅपने पहिल्याच दिवशी चौकशी सुरू केली. तुमचे फोटो पाहू का? तुमच्याकडचे नंबर पाहू का? तुम्ही कुठे आहात ते पाहू का?

"माह्या कमरेच्या व्यायामाले माह्या साळ्याचा नंबर कायले पायजे?" मी बायकोला विचारलं.

"त्यालेच इचारा ना जी," रेखा म्हणाली. (साळा म्हणजे तिचा भाऊ. त्याच्यावर मी आधीपासूनच नजर ठेवून आहे.)

मी कॅमेऱ्याच्या डोळ्यावर दुकानातली किमतीची चिठ्ठी चिकटवली आणि व्यायामाला उभा राहिलो. पडद्यावरची बाई गोड आवाजात म्हणाली, "पायांत अंतर घ्या. पाठ ताठ. हळूहळू खाली बसा." मी बसलो. बाईही बसली. आणि निम्म्यातच गोठली! तिच्या पोटावर पिवळं कुलूप आलं. "अभिनंदन! पुढचा भाग उघडण्यासाठी प्रीमियम घ्या."

मी तसाच वाकलेला! शेवटी कपाटाला धरून कसाबसा वर आलो. आणि अभिनंदन कशाचं? आम्ही गिऱ्हाईकाचं कौतुक करतो ते त्याचा हात खिशात गेल्यावरच.

मी 'नंतर' दाबलं. दुसऱ्या दिवशी काय? "फक्त तुमच्यासाठी खास सूट!"

"पाहय! पाहय!" मी रेखाला फोन दाखवला. "पायरी उतरलो तं हाक मारली!"

"कोनं?"

"दुकानदारानं! अवं, गिऱ्हाईक उठून चालाले लागलं तं मी काय म्हणतो? 'या ताई, बसा, तुमचं काय म्हणणं हाये?' तेच करून राहिला हा. थांब, अजून खाली येते भाव!"

मग हा रोजचाच धंदा झाला. मी खाली बसायचो, कुलूप यायचं, मी 'नंतर' दाबायचो आणि कपाटाला धरून उठायचो. भाव उतरत चालला. एक दिवस "शेवटची संधी!" आली. मला हसू आलं. शेवटची संधी माझ्याही दुकानावर टांगलेली आहे. पावसाने तिचा रंग उडाला, संधी अजून आहे तशीच आहे.

"अजी, घेऊन टाका ना आता," रेखा म्हणाली. "लग्न तोंडावर आलं. तुमाले बसता येते, उठता येत नाई!"

"तू कोनाकडून बोलून राहिली? तुले कमिशन देते का ते?"

त्या दिवशी ताटात अळणी वरण आलं. माझा संशय आणखीच पक्का झाला.

लग्नाच्या सकाळी वरठीला पोचून फोन उघडला, तर सूट गायब! भाव पुन्हा मुळातला! मी 'नंतर' दाबलं, बंद केलं, परत उघडलं. हाक येईना. इकडे ताईची मात्र आली, "अरे, कुठं हायेस तू? मुहूर्त टळून राहिला ना!"

आतल्या खोलीत प्राची पाटावर बसलेली. दारात सगळं वऱ्हाड मोबाईल वर करून उभं. मी पायांत अंतर घेतलं. पाठ ताठ केली. हळूहळू खाली बसलो. काय झकास बसलो! तिच्याखाली हात घातले, जोर लावला, आणि कमरेत कट्ट झालं! सवयीने माझा उजवा हात कपाट शोधायला गेला. तिथे कपाट नव्हतं, भटजी होते. त्यांचा खांदा धरून मी उठायला गेलो, तर तेच माझ्याशेजारी येऊन बसले. त्यांच्या ताटातल्या अक्षता आम्हा तिघांवर!

"मामाजी, दुखून राहिलं का?" प्राचीने हळूच विचारलं.

"चूप बस. उचलून राहिलो ना तुले."

"कवा?"

मग पोरीने शालू खोचला, मला काखेत धरून उभं केलं आणि तसंच मांडवात नेलं. नवरीने मामाला आणलेलं वरठीने पहिल्यांदाच पाहिलं! लोक पोट धरून हसत होते. मला इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं (कमरेमुळे आलं, असं मी सगळ्यांना सांगितलं). पण बोहल्यावर चढेपर्यंत तिने माझा हात सोडला नाही.

मंगलाष्टकं झाल्यावर मला आतल्या खोलीत आडवं केलं. रेखा मलम चोळत होती. मला राहवेना. काय दडवलं होतं त्या कुलपामागे? तरणीताठी माणसं उठतात तरी कशी? डोकं फिरलं आणि मी पूर्ण भाव मोजून प्रीमियम घेऊन टाकलं. कुलूप उघडलं. इतके महिने गोठलेली बाई हलली, हसली आणि म्हणाली,

"आता जवळच्या कपाटाचा आधार घ्या आणि सावकाश उठा."

रेखाने मलमाच्या डबीचं झाकण लावलं. "उठा मंग. कपाट तिकडं हाये."

मी उठलो. आयुष्यात पहिल्यांदा माल न उलगडता विकत घेतला, आणि निघाला माझ्याच घरचा!