एकाच चौरंगावर तिन्ही प्रती

खंडेनवमी. जबाबदार: कंपनीचे धाकटे मालक आणि त्यांच्या सांगण्यावरून हात चालवणारे संगणकाचे कंत्राटदार.

दसरा. जबाबदार: धाकटे मालक, एकटे.

दसऱ्यानंतर कारखाना उघडला तो सोमवार. जबाबदार: दोघेही. त्या दिवशी जे कळवणे कायद्याने बंधनकारक होते ते त्यांनी कोणालाही कळवले नाही.

दिवाळीच्या आधीचा आठवडा. जबाबदार: धाकटे मालक, आणि त्यांनी पाठवलेला दाखला न तपासता फाइलला लावून टाकणारे ग्राहक कंपनीचे अधिकारी.

नावे लिहिलेली नाहीत. ज्यांची आहेत त्यांना ती ठाऊक आहेत.

माझ्या उमेदीची सगळी वर्षे या एका कारखान्यात गेली. तो भोसरीच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुरू झाला तेव्हा थोरले मालक आणि मी एकाच डब्यात जेवायचो. पुढे चाकणला मोठी जागा झाली, थोरले गेले, कारभार त्यांच्या मुलाकडे, धाकट्या मालकांकडे आला, मी गुणवत्ता विभागातून निवृत्त झालो आणि सल्लागार म्हणून आठवड्यातले काही दिवस जात राहिलो. आम्ही मुख्यतः एकच वस्तू बनवतो. छोट्या मालवाहू टेम्पोच्या स्टिअरिंगच्या सांध्यात बसणारी पोलादी पिन, जेमतेम अंगठ्याएवढी. ती तुटली तर चालकाच्या हातातले चाक फिरत राहते आणि गाडी वळत नाही.

यंदा श्रावणात आमच्या एका भट्टीचा तापमापक चुकीचे तापमान दाखवू लागला. भट्टी जास्त तापत होती आणि पडद्यावर आकडा मात्र बरोबर दिसत होता. गणपती उठल्यावर चाचणीत एक पिन काचेसारखी मोडली, तेव्हा हे उघड झाले. भट्टी लगेच बंद केली. पण मधल्या काळात तिच्यातून निघालेल्या पिना दुसऱ्या दोन भट्ट्यांच्या चांगल्या पिनांबरोबर खोक्यांत भरल्या गेल्या होत्या आणि ती खोकी ग्राहकाकडे पोहोचली होती. डोळ्यांनी पाहून चांगली आणि ठिसूळ पिन वेगळी ओळखता येत नाही. कोणत्या भट्टीचा माल कोणत्या खोक्यात गेला, हे सांगणारी नोंद फक्त संगणकात होती. कागद वाचवण्याच्या मोहिमेत भट्टीवरचे रजिस्टर धाकट्या मालकांनी आधीच बंद केले होते.

त्या नोंदीवरून संशयित खोकी शोधण्याचे काम आम्ही हाती घेतले. ते निम्मे झाले असताना मी धाकट्या मालकांना म्हणालो, ग्राहकाला आजच कळवा. ते म्हणाले, "काका, त्यांचं आपल्याकडचं ऑडिट होऊन जाऊ द्या. दसऱ्यानंतर पूर्ण यादीच देऊ ना. अर्धवट सांगून काय उपयोग?" ते बोलणे त्या दिवशी मला ऐकायला वाजवी वाटले. आज वाटत नाही.

संगणकातल्या माहितीच्या तीन प्रती तीन वेगळ्या डिस्कवर ठेवायच्या, हा नियम मी स्वतः लिहिला होता आणि त्यावर धाकट्या मालकांची सही आहे. एक प्रत कारखान्यात, एक मालकांच्या रावेतच्या घरी, एक बँकेच्या लॉकरमध्ये. कोणत्याही दोन प्रती एका छताखाली यायच्या नाहीत. जी प्रत वापरात नाही ती कोणत्याही यंत्राला जोडलेली राहायची नाही. आग लागो, चोरी होवो, विषाणू शिरो, एक प्रत शाबूत राहिली पाहिजे. नियमाचा अर्थ इतका साधा होता.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारे धुऊन, पुसून, तेल लावून पूजेला मांडतात. पाने, हातोडे, मायक्रोमीटर, व्हर्निअर, ओळीने. मांडणी आमचे मिस्तरी करतात. देहूजवळच्या गावचे, कारखान्यातले सर्वांत जुने. त्या सकाळी कंबरेवर हात ठेवून त्यांनी सगळ्या ओळी न्याहाळल्या आणि मालकांना म्हणाले, "हत्यारं समदी आली. पर कंपनीची अक्कल त्या डब्यात हाय म्हणता, मंग ती न्हाई व्हय पूजेला?"

लोक हसले. धाकटे मालकही हसले. "मिस्तरी, बरोबर बोललात राव," म्हणाले, आणि त्यांनी ड्रायव्हरला रावेतला पिटाळले. घरच्या डिस्कबरोबर लॉकरमधलीही आली. सणासाठी दागिने काढताना तीही त्यांच्याबरोबर घरी आणली गेली होती. मिस्तरींना मी दोष देत नाही. त्यांनी श्रद्धेने विचारले होते, आणि नियमावर सही त्यांची नव्हती.

चौरंगावर लाल कापड घालून मुख्य संगणक ठेवला आणि त्याच्यापुढे तिन्ही डिस्क.

मी म्हणालो, "तिन्ही एका जागी आणू नयेत असा आपला लेखी नियम आहे."

"काका, पूजा आहे, पंचनामा नाही. एका दिवसाचा प्रश्न."

संगणकाचे कंत्राटदार वायरी घेऊन पुढे आले. "सर, जोडूनच ठेवतो. निळे लाइट लागले की भारी दिसतं. फोटोपण चांगला येईल."

"निदान जोडू तरी नका," मी म्हणालो.

"तुम्ही आरतीतसुद्धा हरकत नोंदवाल," धाकटे मालक म्हणाले. या वेळी हशा मोठा होता. झेंडूच्या माळेखाली तीन निळे दिवे लुकलुकत होते आणि लोक मोबाइल उंचावून त्यांचे फोटो काढत होते. मी घरी निघालो तेव्हा कंत्राटदारांना पुन्हा सांगितले, संध्याकाळी वायरी काढा. त्यांनी मिस्तरींकडे पाहिले. मिस्तरी म्हणाले, "मांडल्याली पूजा हलवत न्हाईत, सायेब." कंत्राटदारांनी खांदे उडवले. पूजा तशीच राहिली, संगणक चालू राहिला, आणि दसऱ्यानंतरच्या सुट्टीतही कोणी तिकडे फिरकले नाही.

दसऱ्याच्या दिवशी धाकट्या मालकांनी घरून, आपल्या लॅपटॉपवरून, कार्यालयाच्या संगणकाशी जोडून घेऊन ईमेल पाहिले. एका अनोळखी पत्त्यावरून आलेली फाइल त्यांनी उघडली. "ऑर्डर वाटली हो काका," असे त्यांनी मला नंतर सांगितले. ही त्यांची स्वतःची कबुली आहे, आणि ती ऐकणारा मी एकटा नव्हतो.

सोमवारी मी पोहोचलो तेव्हा यंत्रे बंद होती आणि माणसे कार्यालयाच्या दाराशी उभी होती. चौरंगावरचा झेंडू सुकून तपकिरी झाला होता. संगणकाच्या पडद्यावर इंग्रजीत खंडणीची मागणी होती आणि खाली घड्याळ उलटे चालले होते. फाइलींची नावे दिसत होती, पण उघडली की आत अक्षरांचा चिखल. कंत्राटदारांनी पहिली डिस्क तपासली, मग दुसरी. तिसरीतही तेच होते. जे जे त्या यंत्राला जोडलेले होते ते ते सगळे कुलूपबंद झाले होते. दिवे मात्र तसेच निळे लुकलुकत होते.

"रिकव्हर होईल, सर," कंत्राटदार म्हणाले. ते मालकांकडे पाहत नव्हते.

मिस्तरींनी मला बाजूला घेऊन हळूच विचारले, "सायेब, त्या खोक्यांचं बी गेलं?"

तेही गेले होते. आमची निम्मी यादी त्याच यंत्रात होती.

मी दार लावून धाकट्या मालकांसमोर बसलो. सायबर पोलिसांना आणि सरकारी यंत्रणेला आजच कळवा, कायदा त्यासाठी काही तासांचीच मुदत देतो, असे सांगितले. ते म्हणाले, बाजारात नाव खराब होते. ग्राहकाला कळवा म्हणालो. त्यांनी मान हलवून नकार दिला. मग म्हणालो की यादी गेली याचा अर्थ आता निवड करता येत नाही. श्रावणापासून भट्टी बंद होईपर्यंतचा सगळा माल परत मागवावा लागेल, जिथे गाडीत बसला असेल तिथून काढावा लागेल.

"सगळा?" ते म्हणाले. "काका, त्यात चांगला माल किती असेल. कंपनी राहील का?"

"चांगला कोणता ते सांगा, तेवढा सोडू."

फौजदारी खटल्यात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, हे ते कुठेतरी वाचून आले असावेत. इथे संशयाचा फायदा चाकामागे बसलेल्या माणसाला मिळायला हवा. तो त्यांनी स्वतःला दिला.

दिवाळीच्या आधी त्यांनी मला बोलावून सांगितले की डेटा परत आला. मी विचारले, कुठून. "आला ना, काका. आता पुरे करा." मी नोंदी उघडून पाहिल्या. श्रावण, भाद्रपद, तिन्ही भट्ट्या, प्रत्येक पिनेच्या कडकपणाचा आकडा मर्यादेच्या अगदी मधोमध. भट्टीतून निघालेले पोलाद असे वागत नाही. ते थोडे इकडे जाते, थोडे तिकडे जाते, चांगल्या भट्टीतलेसुद्धा. शिवाय जी पिन माझ्यासमोर मोडली होती, तिची नोंदच नव्हती. माहिती परत आलेली नव्हती. ती बसून तयार केलेली होती, आणि तिच्या आधारे सर्व माल निर्दोष असल्याचा दाखला ग्राहकाकडे गेला होता.

त्याच दिवशी मी कारणासह राजीनामा देऊन पोच घेतली. ग्राहक कंपनीला रजिस्टर्ड पत्र पाठवले. उत्तर आले: पुरवठादाराचा दाखला आमच्या दप्तरी असून विषय बंद करण्यात आला आहे. पोलिसांना लिहिले. अर्ज पुढे पाठवल्याचे कळले. त्यापुढे तो कुठे गेला ते कळलेले नाही.

आता मी रस्त्याने जातो तेव्हा टेम्पोंची पुढची चाके पाहतो. तळेगावच्या वळणावर एखादा भरलेला टेम्पो समोरून आला की मी स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतो. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी भाजी घेऊन येणारे गृहस्थ मराठवाड्यातले आहेत. दिवाळीनंतर त्यांनी नवा टेम्पो घेतला. त्याच कंपनीचा, तेच मॉडेल. फळ्यांवर अजून रंगाचा वास होता आणि मागे त्यांची दोन मुले मेथीच्या जुड्यांवर बसलेली होती.

"स्टिअरिंग एकदा तपासून घ्या," मी म्हणालो.

"काका, नवीकोरी हाय की. आत्ताशी पासिंग झालं."

"तरी दाखवा. पुढच्या सांध्यातली पिन बदलून मागा."

"कामून? शोरूमवाला हसंल मला." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. "खराब हाय का तिच्यात काही?"

मला हो म्हणता येत नव्हते. नाही म्हणता येत नव्हते. त्या गाडीत कोणत्या भट्टीची पिन आहे हे जगात कोणालाच माहीत नाही, आणि ज्या माणसामुळे ते माहीत नाही त्याने सर्व माहीत असल्याची सही करून दिली आहे. मी त्यांना कागदावर पिनेचे नाव लिहून दिले. त्यांनी तो खिशात घातला, गाडी चालू केली आणि एक्स्प्रेस वेच्या बाजूला वळवली. मुले मागून हात हलवत होती.

म्हणून माझी मागणी अशी आहे. धाकट्या मालकांनी मला पत्र पाठवू नये. पत्रे फाइलला लागतात हे मी पाहिले आहे. त्यांनी उद्योजकांच्या खुल्या सभेत, वार्ताहरांसमोर उभे राहून एका प्रश्नाचे उत्तर द्यावे: भट्टी बिघडली असताना तयार झालेल्या पिना आज कोणत्या गाड्यांत आहेत, हे तुम्हाला माहीत आहे का? माहीत असेल तर त्या गाड्यांचे क्रमांक तिथेच वाचून दाखवावेत. माहीत नसेल तर तसे म्हणावे, दाखला मागे घ्यावा आणि त्या काळातला सगळा माल परत मागवावा. सभेची तारीख त्यांनी ठरवावी. तोपर्यंत त्या गाड्या चालत राहणार आहेत.