अठ्ठेचाळीस ओळींचा ब्रॅकेट

अंबडच्या ज्या कारखान्यात मी डिझाइनला होते तिथे कांद्याची प्रतवारी करणारी यंत्रं बनत, आणि त्या यंत्रांपेक्षा आमच्या साहेबांची मिजास जास्त बनत असे. डिझाइनचे प्रमुख म्हणून त्यांची खुर्ची सर्वांत उंच होती. ड्रॉइंग उघडताना मात्र त्यांना दर वेळी मला हाक मारावी लागायची.

मी येण्याआधीची त्यांची पद्धत अशी होती. गिऱ्हाईक नवं आलं की जुनी फाइल कॉपी करायची आणि तिला 'फायनल' नाव द्यायचं. मग 'फायनल न्यू', मग 'फायनल न्यू खरी'. रोलरचा शाफ्ट ज्यात बसतो तो साधा लोखंडी ब्रॅकेट, पण त्याच्या अठ्ठेचाळीस फाइली होत्या आणि त्यातली खरी कोणती हे त्या गृहस्थांनाही ठाऊक नव्हतं. मी दोन महिने खपून त्या सगळ्यांची एकच फाइल केली. आत एक टेबल, प्रत्येक यंत्रासाठी एक ओळ, ओळीत भोकाचं माप, जाडी, लांबी. ओळ निवडली की तो ब्रॅकेट समोर उभा. साहेबांनी आठवडाभरात त्याला 'माझी सिस्टीम' म्हणायला सुरुवात केली. शिवाय कारखाना कागदमुक्त केल्याची घोषणाही केली, म्हणजे कटिंगचं मशीन थेट आमच्या फोल्डरमधून माप उचलणार.

एका दुपारी नामपूरचे एक व्यापारी त्यांच्यासाठी बनत असलेलं यंत्र बघायला आले. त्यांना शाफ्ट जाड हवा होता. 'आत्ता करून दाखवतो,' म्हणत साहेब माझ्या खुर्चीत बसले. नामपूरच्या ओळीत भोकाचं माप तीस मिलिमीटरचं पस्तीस केलं. सॉफ्टवेअरने विचारलं, बदल याच ओळीत की सगळ्या ओळींत? साहेबांनी न वाचता एंटर मारला. सगळ्या ओळींत. मी मागे उभी होते, मला स्वच्छ दिसलं.

मी बोलले नाही. विसरले वगैरे नव्हते. मला वाटलं, होऊ दे. चार लोकांसमोर याचं एकदा हसं होऊ दे. त्या विचाराने संध्याकाळी मी मजेत घरी गेले.

सकाळच्या पाळीत विंचूरच्या एका व्यापाऱ्याच्या यंत्राचे ब्रॅकेट कापले गेले, पस्तीसच्या भोकाचे, आणि दुपारी गाडीत चढले. ते बसवायला गेले फिटरकाका. घोटीकडचे, पन्नाशीतले, कंत्राटावर. तिथून त्यांनी साहेबांना फोन केला की भोक मोठं आहे, शाफ्ट हलतोय. साहेब म्हणाले, 'कॉम्प्युटरवरून आलंय, बरोबरच असणार. बसव.' काकांनी बसवलं. दोन दिवसांत गोल्टी, म्हणजे बारीक कांदा मोठ्या कांद्यात पडू लागला आणि विंचूरच्या व्यापाऱ्याने आमच्या मालकांना फोनवर झोडपलं.

साहेब माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा आवाज खाली होता. 'तेवढं टेबल नीट करून ठेव,' म्हणाले. त्यांना असं अजीजीने बोलताना पाहून मला फार बरं वाटलं, हे कबूल करते. जुनं टेबल मी जपून ठेवलेलंच होतं. दहा मिनिटांत सगळी मापं जागेवर आणली आणि नामपूरचं तेवढं पस्तीस ठेवलं.

मग साहेब मालकांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, फाइलीत तीस आहे, भोकं फिटरने जागेवर मोठी केली. आमच्याकडे फिटर असं करतातच, शाफ्ट अडला की ड्रिल लावतात, त्यामुळे सगळ्यांना पटलं. काकांचं कंत्राट शनिवारी वाढवायचं होतं. ते आता वाढणार नाही असं ऑफिसात जो तो बोलू लागला.

शुक्रवारी काका माझ्या टेबलाशी आले. माझ्या विभागात ते कधी येत नसत.

'ताई, भोकं म्या नाय मोठी केली. तुमच्या कॉम्प्युटरात दिसतं ना सगळं? बघा ना जरा.'

समोर काचेच्या केबिनमध्ये साहेब मान खाली घालून बसले होते. त्या माणसाची मला किळस आली, आणि तरी मी तेच केलं जे त्यांनी केलं असतं. विंचूरची ओळ उघडली आणि स्क्रीन काकांकडे वळवली.

त्यांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं, बोट टेकवून आकडा वाचला.

'तीसच हाय की,' ते म्हणाले. चष्मा काढून खिशात घातला. 'मंग माझंच कायतरी चुकलं असंल. आता वय झालं, ताई.'

मी त्यांना चहा घेणार का, असं विचारलं.